'टर्न इट ऑफ' मधला 'इट' मध्येच का?

इंग्रजीच्या तासाला हमखास चुकणारे एक वाक्य आहे. 'दिवा बंद कर' याचे इंग्रजी विचारले की मुले 'टर्न ऑफ द लाइट' असे बरोबर सांगतात. 'टर्न द लाइट ऑफ' असेही चालते, हे शिक्षक सांगतात. मग दिव्याऐवजी सर्वनाम घालायला सांगितले की बरीच मुले 'टर्न ऑफ इट' लिहितात आणि वहीत लाल फुली पडते. 'टर्न इट ऑफ' हेच बरोबर. का, असे विचारले तर उत्तर मिळते, "इंग्रजीत तसेच म्हणतात."

विज्ञानाच्या तासाला असे उत्तर आपण चालवून घेणार नाही. मग भाषेच्या तासाला का घ्यावे? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. नुसता पाठ केलेला नियम परीक्षेपुरता टिकतो. कारण कळलेला नियम मात्र न पाहिलेल्या वाक्यालाही लावता येतो. तेव्हा निरीक्षण, अंदाज आणि पडताळा या नेहमीच्या वाटेनेच जाऊ या.

निरीक्षण

'टर्न' हे क्रियापद आणि 'ऑफ' हे क्रियाविशेषण. दोन्ही मिळून 'बंद करणे' हा एक अर्थ तयार होतो. अशा जोडीला इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. लोगन पियर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे हे नाव रुळले. या जोडीत कर्म कोठे बसते ते पाहा.

(१) कर्म छोटे नाम असेल तर ते जोडीच्या मध्ये किंवा शेवटी, दोन्हीकडे बसते.

(२) कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते.

(३) कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी जाते : 'टर्न ऑफ द लाइट हँगिंग ओव्हर द डोअर ऑफ द थर्ड क्लासरूम'. हे सगळे मध्ये कोंबले, तर 'टर्न' नंतर 'ऑफ' यायला दहा शब्द थांबावे लागेल. तोवर ऐकणारा ताटकळतो.

अंदाज आणि पडताळा

तिन्ही निरीक्षणे एका कल्पनेत बसतात. हलके आधी, जड शेवटी. ओटो बेहागेल या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९०९ साली अशीच प्रवृत्ती नोंदवली होती : दोन घटकांपैकी लहान घटक आधी येतो, मोठा मागून येतो. शिवाय इंग्रजी वाक्यात आघात साधारणपणे शेवटाकडे पडतो, आणि नवी माहितीही तिथेच येते. 'इट' मध्ये नवे काहीच नसते. ती वस्तू आधीच बोलण्यात आलेली असते. शब्द छोटा, उच्चार निसटता. त्याने शेवटची मानाची जागा अडवू नये, हे ओघानेच आले.

अंदाज खरा असेल तर सर्वनाम जड केल्यावर ते शेवटी जाता आले पाहिजे. तसे होते का? एरवी 'पिक हिम अप' असेच म्हणतात. पण बसस्थानकावर दोघे उभे आहेत आणि त्यांतल्या एकालाच गाडीत घ्यायचे आहे, अशा वेळी 'हिम' वर जोर देऊन 'पिक अप हिम, नॉट हर' असे म्हणता येते. 'पिक अप हिम अँड हिज मदर' हेही चालते. म्हणजे खरे कारण शब्दाची जात नसून त्याचे वजन आहे. साधे, बिनजोराचे सर्वनाम नेहमीच हलके असते. म्हणून ते मध्ये.

एक शंका

हुशार विद्यार्थी विचारील, "मग 'लुक ॲट इट' कसे चालते?" उत्तर मराठीत सापडते. 'वर जा' यातले 'वर' क्रियाविशेषण आहे. 'टेकडीवर जा' यातले 'वर' शब्दयोगी अव्यय आहे. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहितात, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो. इंग्रजीत दोन्ही सुटेच लिहितात, त्यामुळे तो लपतो.

'ही रॅन अप अ हिल' म्हणजे तो धावत टेकडी चढला. 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे त्याने उधारी वाढवली. दिसायला वाक्ये जुळी आहेत. सर्वनाम घालून पाहा. टेकडीसाठी 'ही रॅन अप इट', उधारीसाठी 'ही रॅन इट अप'. पहिल्या वाक्यात 'अप' टेकडीला चिकटलेला आहे, दुसऱ्यात क्रियापदाला. लिटमस कागदाने आम्ल की अल्क हे कळते, तसे सर्वनामाने इथे शब्दाचे खरे नाते कळते. 'लुक ॲट' मधला 'ॲट' टेकडीच्या गटातला आहे.

आपली मुले का चुकतात?

हा निष्काळजीपणा नव्हे. 'दिवा बंद कर' मधला 'दिवा' काढून तिथेच 'तो' ठेवला, तर 'तो बंद कर' हे मराठी वाक्य बिनचूक राहते. मूल इंग्रजीतही तेच करते. बोलताना तर आपण 'तो' देखील गाळतो : "दिवा चालू आहे? बंद कर." इंग्रजीत कर्म असे गाळता येत नाही, म्हणून ते हलके करून मध्ये ठेवले जाते.

नव्या माहितीला खास जागा मात्र मराठीतही आहे. "दिवा कुणी लावला?" "दिवा शांतानं लावला." "शांतानं काय लावलं?" "शांतानं दिवा लावला." नवी माहिती क्रियापदाच्या लगेच आधी येते. विभक्तीमुळे कोणी आणि काय हे कळत राहते, म्हणून शब्द हलवता येतात. माहितीचे वजन दोन्ही भाषा पाहतात, पण जागा वेगळ्या ठेवतात.

वर्गात करून पाहा

फळ्यावर या जोड्या लिहा : पुट ऑन, टेक ऑफ, पिक अप, थ्रो अवे, लुक ॲट, वेट फॉर, लाफ ॲट. प्रत्येकीत 'इट' घालून मुलांना दोन गट पाडू द्या. पहिल्या चार जोड्यांत 'इट' मध्ये जाईल, उरलेल्या तिनांत शेवटी. 'सिट डाउन' सारख्या जोडीला कर्मच नसते, तिला ही चाचणी लावू नये.

शेवटी हा प्रश्न द्या. पुणे-बंगळूर महामार्गाने येणाऱ्या पाहुण्याला सांगायचे आहे, "कोल्हापूर आले की महामार्ग सोडून वळा." इंग्रजीत 'टर्न ऑफ द हायवे'. आता 'हायवे' च्या जागी 'इट' घाला. उत्तर येते 'टर्न ऑफ इट', आणि इथे ते बरोबर आहे! ज्या शब्दांवर मघाशी लाल फुली पडली, तेच शब्द इथे का चालतात, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले, की नियम त्यांचा झाला असे समजावे.