बिडी आणि बेडी

मुलांनो, 'हजार भरणे' म्हणजे काय, ठाऊक आहे का? शहरातल्या मुलांना बहुधा नसेल. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मात्र लहान पोरंही सांगतील. एकदा मी चौथीतल्या एका मुलीला विचारलं, "गृहपाठ का गं नाही केलास?" ती मान खाली घालून म्हणाली, "गुरुजी, मायचा हजार भरायचा होता."

हजार म्हणजे हजार बिड्या! आमच्याकडच्या जंगलात तेंदूची झाडं पुष्कळ. उन्हाळ्यात माणसं भल्या पहाटे पानं तोडायला निघतात. मग घरोघरी बायका सूप मांडीवर घेऊन बसतात. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा आणि चाळीस कट्ट्यांचा हजार. मजुरी मिळते ती हजारावर. सट्टेदारानं 'छाट' म्हणून बिड्या बाजूला काढल्या, की तेवढी मेहनत वाया!

बिडी ओढणं वाईटच, ते तुम्हाला माहीत आहे. पण आज गोष्ट आहे ती वळणाऱ्या हातांची.

आई स्वतःच्या मर्जीनं बिड्या वळते, हे झालं काम. पण समजा, आजारपणासाठी तिनं उचल घेतली. मालक म्हणाला, "पैसे फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही." हिशेब त्याच्याच वहीत! उचल काही फिटत नाही, आणि मग लेकरूही कामाला जुंपलं जातं. याला म्हणतात वेठबिगारी. बिडीची बेडी होते ती अशी.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २३ नं वेठबिगारीला बंदी केली आहे. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली आमच्या भंडाऱ्यातूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते, बरं का! पुढे १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारांची अशी कर्जंच रद्द केली.

आणखी एक गंमत ऐका. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामं चालली होती. मजुरांची किमान मजुरी होती रोज सव्वानऊ रुपये. मधले जमादार त्यातला एक रुपया कापून घेत. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच! एका रुपयाची किंमत केवढी, पाहिलंत?

हा प्रश्न साता समुद्रापारही पोचला. सक्तीच्या मजुरीतून तयार झालेला माल देशात येऊ द्यायचा नाही, असा अमेरिकेचा १९३० पासूनचा कायदा आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये तिथल्या जकात खात्यानं दक्षिण भारतातल्या एका कंपनीच्या बिड्या बंदरावरच अडवायचा हुकूम काढला. वेठबिगार मुलांकडून त्या वळून घेतल्या जातात, असा संशय होता. युरोपीय संघानंही २०२४ मध्ये असा कायदा केला. तो डिसेंबर २०२७ पासून लागू करायचं ठरलं आहे.

मग परदेशातल्या व्यापाऱ्यानं करायचं काय? नुसता कारखाना पाहून परत जायचं नाही. सट्टेदाराच्या मागे मागे पार मजुराच्या ओसरीपर्यंत जायचं. मालक समोर नसताना विचारायचं: हातात मजुरी किती पडते? उचल किती? काम सोडून जाता येतं का? तुमची कागदपत्रं कुणाकडे आहेत? आणि स्वतःलाही विचारायचं, "मी इतका कमी भाव देतो, तर मजुराला काय उरत असेल?"

दोष सापडला, की खरेदी थांबवून पळ काढणं सोपं असतं. पण तेवढ्यानं त्या आईची चूल कशी पेटणार? थकलेली मजुरी मिळायला हवी, उचलीची बेडी तुटायला हवी, मुलं शाळेत यायला हवीत. तरच ते खरं काम.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात २ कोटी ७६ लाख माणसं अशा सक्तीच्या कामात अडकली होती. त्यात तुमच्याएवढी मुलंही होती.

त्या दिवशी मी त्या मुलीला शिक्षा केली नाही. संध्याकाळी तिच्या घरी गेलो, आईशी बोललो. आता शाळा सुटल्यावर अर्धा तास ती वर्गातच गृहपाठ करते आणि मग घरी जाते.

तुमच्या वर्गातला एखादा बाक बरेच दिवस रिकामा आहे का? मग गुरुजींना किंवा बाईंना जरूर सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबरही पाठ करून ठेवा. सांगाल ना?