नारू: कातडीवर दिसला, विहिरीत संपला

चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला पायी निघालेले लोक वणीच्या वाटेवर मिळेल त्या विहिरीचं पाणी पीत. त्यात एखाद्याच्या पोटात नारू गेला, तर ते कळायचं पुढच्या चैत्राच्या आसपास. सायक्लॉप्स नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणजिवातून जंत शरीरात शिरतो आणि वर्षभर मुकाट वाढतो. मग दीड-दोन हात लांब मादी कातडीखाली येते. अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, फोड येतो. आग शमवायला माणूस पाण्यात पाय घालतो, फोड फुटतो आणि मादी हजारो पिलं पाण्यात सोडते. पायऱ्यांची विहीर असली की तिचं काम फत्ते.

दहापैकी नऊ जणांचा नारू पायातूनच निघे. उरलेल्यांनी मात्र डॉक्टरांना चांगलंच चकवलं. कुणाच्या हातातून, कुणाच्या स्तनातून, तर कुणाच्या अंडकोशातून तो बाहेर आला. ओली पखाल दिवसभर पाठीवर वाहणाऱ्या भिश्तींच्या पाठीतूनही तो निघाल्याच्या जुन्या नोंदी आहेत. काही जंत बाहेर न येता आतच मरत, त्यांच्यावर चुना साचे आणि पुढे कधीतरी भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत ते उमटत.

उपचार म्हणजे काडी. बाहेर डोकावलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडंथोडं ओढायचं, आठवडेच्या आठवडे. घाईत तुटला, तर पाय सुजे, पू होई, सांधा आखडे. जखमेतून धनुर्वाताचीही भीती असे. आयुर्वेदात या ‘स्नायुक’ रोगावर तूप आणि निर्गुडीचा रस सांगितला आहे. पुढे मेट्रोनिडॅझोलसारख्या गोळ्या आल्या. त्यांनी सूज उतरे, जंत मरत नसे.

म्हणून खरी लढाई विहिरीवर झाली. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन आणि तुर्खुड या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच नारूचा अभ्यास केला होता, पण देशव्यापी मोहीम उभी राहिली ती 1983-84मध्ये. 1984मध्ये देशात सुमारे 40 हजार रोगी सापडले; महाराष्ट्रही बाधित राज्यांत होता. पायविहिरी बंद करणं किंवा त्यांना कठडे घालणं, हातपंप, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस, हंड्यावर दुहेरी फडकं आणि वर्षातून तीनदा घरोघरी शोध, असं हे रटाळ पण नेमकं काम होतं.

देशातला शेवटचा रोगी जुलै 1996मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. तरी जागतिक आरोग्य संघटनेचा नारूमुक्तीचा दाखला मिळाला फेब्रुवारी 2000मध्ये. वर्षभर दडून राहणारा जंत असल्याने सलग तीन वर्षं एकही रोगी नाही, हे आधी दाखवावं लागलं.