सारखे दिसणारे नाव एकच असते का? : शेल, फायली आणि युनिकोड

आजचा विषय वरवर तांत्रिक वाटेल, पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. दोन गोष्टी सारख्या दिसल्या, म्हणजे त्या एकच झाल्या का? आज आपण हा प्रश्न फाइलच्या नावाला विचारू.

'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिला जातो. पहिली तऱ्हा: ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि पुढे हलन्त. दुसरी: साधा र, त्याला नुक्ता, मग हलन्त. तिसरी: साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच. पण लिनक्सवर ईएक्सटी४ या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत या तीन नावांच्या तीन वेगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये खुशाल नांदतात.

असं का? कारण तिथे नाव म्हणजे अक्षरं नव्हेत, नाव म्हणजे बाइटची रांग. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडले, तर रांगेत काय आहे याची व्यवस्थेला फिकीर नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. पहिल्या नावात ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात ७ चिन्हं, म्हणजे २१.

लाइब्निट्झ म्हणतो, दोन वस्तूंमध्ये कसलाच फरक नसेल तर त्या दोन नाहीतच. इथे त्याचा नियम मोडत नाही. फरक आहेच, फक्त तो डोळ्याला दिसत नाही. आपल्या परिभाषेत सांगायचं तर प्रत्यक्ष प्रमाण इथे अपुरं पडतं.

शेलमध्ये याचा अनुभव कसा येतो? तुम्ही नाव टंकता, फाइल समोर यादीत दिसते आहे, आणि शेल सांगतो, अशी फाइलच नाही. तो खोटं बोलत नाही. तुमच्या कळफलकाने एक रांग दिली, फाइलची रांग दुसरी आहे. अशा वेळी 'व' आणि पुढे तारका टाकून 'एलएस' चालवा, तिन्ही नावं येतील. प्रत्येक नाव 'डब्ल्यूसी'कडे पाठवून बाइट मोजता येतात, पण दुसरं आणि तिसरं नाव मोजणीत सारखंच भरतं. म्हणून खरी ओळख 'ओडी'ने बाइट उलगडून पाहिल्यावरच पटते. नेमकी एकच फाइल हलवायची किंवा पुसायची असेल, तर 'एलएस'ला 'आय' हा पर्याय देऊन तिचा आयनोड क्रमांक घ्यावा आणि त्या क्रमांकावरून 'फाइंड'ने तिला गाठावं. क्रमांक दिसण्यावर अवलंबून नसतो.

आता एकरूपीकरण, म्हणजे नॉर्मलायझेशन. कोणत्या रांगा समान मानायच्या याचा युनिकोडने एक करार करून ठेवला आहे. एनएफसी हे रूप शक्य तिथे चिन्हं जोडतं, एनएफडी ती सोडवतं. गंमत अशी की या कराराला सगळ्या व्यवस्था सारखा मान देत नाहीत. मॅकची जुनी एचएफएस प्लस नावं सोडवूनच साठवायची. आजच्या मॅकवरची एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते, पण तुलना करताना दोन्ही रूपं एक धरते. ईएक्सटी४ सहसा काहीच करत नाही.

खरा धोका इथे आहे. लिनक्सवर ज्या दोन फायली होत्या, त्या मॅकवर नेताना एकाच नावावर येऊन आदळतात आणि एक दुसरीवर लिहिली जाऊ शकते. घरातली जुनी कागदपत्रं अशी गेली, तर ती गेल्याचं कळतही नाही.

म्हणून क्रम पाळावा. आधी प्रत घ्यावी. मग सगळी नावं एनएफसीत आणून, एकसारखी किती होतात ते नुसतं कागदोपत्री पाहावं. 'यूकॉन्व्ह' किंवा पायथन हे काम करतं. टक्कर नसेल तरच नावं बदलावीत. 'कॉन्व्हएमव्ही' हे साधन त्यासाठी चांगलं. 'नोटेस्ट' असं स्पष्ट सांगेपर्यंत ते फक्त काय बदलेल ते दाखवतं, हात लावत नाही.

मात्र आपल्याला, मराठी लिहिणाऱ्यांना, एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तो करार वरच्या पहिल्या दोन तऱ्हा एक मानतो. तिसरी, अदृश्य जोडकाची, मानत नाही. तसंच 'ॲ' हे एक चिन्ह आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेला 'अॅ', हेही त्याच्या लेखी भिन्नच. एनएफसी केलं तरी ही नावं वेगळीच राहतात. इथे नियम आपणच ठरवायचा: र, हलन्त, जोडक दिसलं की ऱ आणि हलन्त करायचं. पण सगळेच जोडक सरसकट काढू नका. 'क्ष' आणि 'क्‍ष' यांत फरक करणारा तोच असतो.

तेव्हा समानता ही वस्तूत आयती पडलेली नसते, निदान नावांच्या बाबतीत तरी. कशाला एक म्हणायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. युनिकोडने काही ठरवलं, शेलने ठरवायचं नाकारलं, उरलेलं आपल्यावर आलं. पुसण्याआधी एकदा बाइट पाहा, एवढंच आमचं सांगणं. इथे थांबतो, आता तुमचे प्रश्न घेऊ.