‘२.०’ : पक्ष्यांचा प्रश्न आणि फसलेला उत्तरभाग

विज्ञानकथेच्या अंगाने जाणाऱ्या साहसपटाचा उत्तरभाग, म्हणजे आधी गाजलेल्या चित्रपटातील पात्रे आणि त्याचे जग घेऊन पुढे चालवलेली कथा, दोन देणी शिरावर घेऊनच पडद्यावर येतो. पहिले देणे दृश्यांचे असते, कारण पूर्वी पाहिले त्याहून भव्य काही पाहायला मिळेल या अपेक्षेनेच प्रेक्षकाने पुन्हा तिकीट काढलेले असते. दुसरे देणे प्रश्नाचे असते, कारण एखाद्या यंत्रामुळे किंवा शोधामुळे माणसाच्या जगण्यात आणि नीतिकल्पनांत काय उलथापालथ होईल हे विचारणे, हाच विज्ञानकथेचा गाभा आहे आणि पहिल्या भागाने विचारलेला प्रश्न दुसऱ्याने पुढे नेणे अपेक्षित असते. एस. शंकर यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘२.०’ या चित्रपटाने पहिले देणे व्याजासकट फेडले, दुसऱ्याकडे मात्र पाठ फिरवली. त्याने जगभरात शेकडो कोटींचा गल्ला जमवला हे खरे असले, तरी त्याच्याविषयीची निराशा गल्ल्याच्या हिशेबात मावणारी नाही; ती समजून घेण्यासाठी आधीच्या चित्रपटाकडे आणि मग दिल्लीकडे पाहावे लागते.

आधीचा चित्रपट म्हणजे १ ऑक्टोबर २०१० रोजी प्रदर्शित झालेला तमिळ ‘एन्दिरन’, जो हिंदीत ‘रोबोट’ या नावाने आला. बंगळूरच्या मराठी कुटुंबात शिवाजीराव गायकवाड या नावाने जन्मलेल्या रजनीकांत यांनी त्यात दोन भूमिका केल्या : एक वसीगरन या शास्त्रज्ञाची आणि दुसरी त्याने घडवलेल्या चिट्टीची. चिट्टी हा ह्युमनॉइड, म्हणजे माणसाच्या आकाराचा आणि माणसासारखा वागणारा यंत्रमानव होय. या कथेला आकार देणाऱ्यांत सुजाता या टोपणनावाने लिहिणारे तमिळ लेखक एस. रंगराजन होते, ते भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियंता होते, मतदानयंत्राच्या विकासात त्यांचा सहभाग होता आणि चित्रपट पुरा होण्यापूर्वीच, फेब्रुवारी २००८मध्ये, त्यांचे निधन झाले. यंत्र कसे विचार करते आणि कोठे अडते याची जाण असलेला माणूस या कथेमागे उभा होता, हे पहिल्या भागात जागोजागी जाणवते.

त्यातील एक प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. इमारतीला आग लागते, चिट्टी माणसांना वाचवत सुटतो आणि स्नानगृहात अडकलेल्या एका मुलीला विवस्त्र अवस्थेतच उचलून, जमलेल्या लोकांच्या आणि कॅमेऱ्यांच्या समोर आणून ठेवतो. त्याच्या हिशेबी जीव वाचला, काम झाले. मुलगी मात्र लाजेने पळत सुटते आणि वाहनाखाली चिरडून मरते. आज्ञा तंतोतंत पाळणारे यंत्र माणसाच्या लज्जेपुढे कसे आंधळे ठरते, हे एवढ्या थोडक्यात सांगणारा प्रसंग भारतीय चित्रपटात क्वचितच सापडेल. या अपघातानंतर वसीगरन चिट्टीला भावना शिकवतो, भावनांबरोबर प्रेम आणि मत्सर येतात, प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञ बोरा त्याच्यात विध्वंसाची लाल चिप बसवतो, आणि यंत्रमानवांची फौज उभी करून शहर उद्ध्वस्त करणारा जो चिट्टी त्यातून निघतो त्यालाच ‘२.०’ म्हटले जाते. अखेरीस न्यायालयाच्या आदेशावरून चिट्टी स्वतःच्या हातांनी स्वतःचे भाग सुटे करतो आणि २०३०मधील संग्रहालयात, आपण विचार करू लागलो म्हणून मोडले गेलो, असे एका शाळकरी मुलीला सांगतो. यंत्राला भावना देणारा माणूस त्या भावनांच्या परिणामांना किती जबाबदार, असा हा प्रश्न होता. ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘एन्दिरन’ला विशेष दृश्यपरिणाम आणि कलादिग्दर्शन यांसाठीचे पुरस्कार मिळाले, आणि ते रास्तच होते, पण लोकांच्या मनात राहिला तो स्वतःला उलगडून ठेवणारा चिट्टी.

असा प्रश्न पुढे नेता येतो याचा दाखला जागतिक चित्रपटात आहे. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९९१च्या ‘टर्मिनेटर २’मध्ये, पहिल्या भागात मारेकरी म्हणून आलेल्या यंत्राचाच नमुना रक्षक होऊन परततो आणि एका मुलाच्या सहवासात माणसाच्या जिवाचे मोल शिकतो, त्यामुळे मोठी दृश्ये आणि मोठा प्रश्न एकाच कथेत नांदतात. त्या चित्रपटासाठी यांत्रिक बाहुल्या घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेचा वारसा चालवणाऱ्या ‘लेगसी इफेक्ट्स’ने ‘एन्दिरन’साठीही काम केले होते. कारागिरीचा वारसा असा चेन्नईपर्यंत पोहोचला, कथेची शिस्त मात्र दुसऱ्या भागापर्यंत पोहोचली नाही.

‘२.०’ची कल्पना ऐकताना मात्र मोठी वाटते, आणि तिचे श्रेय नाकारता येत नाही. शहरातील लोकांच्या हातांतून मोबाइल निसटून आकाशात उडू लागतात, लाखो मोबाइल मिळून एक अवाढव्य पक्षी तयार होतो आणि मोबाइल व्यवसायातील माणसांचे बळी घेतो. मोबाइलच्या मनोऱ्यांतून निघणाऱ्या प्रारणामुळे पक्षी मरत आहेत हे ओरडून सांगणाऱ्या, पण कोणीच ऐकले नाही म्हणून मनोऱ्यालाच गळफास लावून घेणाऱ्या पक्षीराजन या वृद्ध पक्षितज्ज्ञाचा तो सूड असतो. ही भूमिका अक्षय कुमार यांनी केली आणि तिच्यात अनेकांना पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची छाया दिसली. चित्रपट थेट त्रिमित कॅमेऱ्यांनी चित्रित झाला. म्हणजे सपाट चित्राला मागाहून खोली देण्याऐवजी, डाव्या आणि उजव्या डोळ्याची दृश्ये चित्रीकरणाच्या वेळीच वेगळी टिपली गेली. शेवटच्या झुंजीसाठी २०१६मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर चित्रीकरण झाले. १९८२च्या आशियाई खेळांसाठी बांधलेले हे स्टेडियम पडद्यावर चेन्नईचे म्हणून दिसते.

दिल्लीचा संबंध एवढ्यावर संपत नाही. प्रदर्शनाच्या तोंडावर, दूरसंचार कंपन्यांच्या नवी दिल्लीतील ‘सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया’ या संघटनेने सेन्सॉर मंडळाकडे आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे तक्रार केली, की हा चित्रपट मोबाइल आणि मनोऱ्यांविषयी अवैज्ञानिक समज पसरवतो. चित्रपट ठरल्या दिवशीच लागला आणि तक्रार विसरली गेली. तक्रार करणाऱ्यांचा धंद्याचा स्वार्थ उघड होता. तरीही आक्षेपात तथ्य किती, हे तपासल्याशिवाय चित्रपटाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

मोबाइलच्या लहरी अनायनकारी प्रारणात मोडतात, म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी किंवा रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्या एकेका कणात नसते. बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा ती लाखो पटींनी कमी असते. क्ष-किरणांहून त्या मूलतः वेगळ्या ठरतात त्या यामुळेच. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊती तापणे, आणि त्यासाठीच मर्यादा ठरवल्या जातात. भारताने १ सप्टेंबर २०१२पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. पर्यावरण मंत्रालयाने २०१०मध्ये पक्षितज्ज्ञ असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पक्षी आणि मधमाश्यांवरील संभाव्य परिणामांचा आढावा घेतला, आणि त्यानंतर मंत्रालयाने, असलेल्या मनोऱ्यापासून एक किलोमीटरच्या आत नवा मनोरा नको, असा सल्ला दिला. सरकार दरबारी या शंकेची दखल घेतली गेली होती. ती कोणा वेड्या म्हाताऱ्याची कल्पना नव्हती.

शंकेच्या केंद्रस्थानी चिमणी होती. दिल्लीने २०१२मध्ये तिला राज्यपक्षी घोषित केले, आणि २० मार्च हा जागतिक चिमणी दिन रुजवण्यात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’चा मोठा वाटा आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या देशव्यापी अहवालाने मात्र असे दाखवले, की देशाचा एकत्रित विचार करता चिमण्यांची संख्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर राहिली आहे, मोठ्या शहरांत ती घटली आहे, आणि त्या घटीचे खापर मोबाइल मनोऱ्यांवर फोडण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. पिलांना भरवायला लागणाऱ्या किड्यांची टंचाई आणि काचेच्या सपाट इमारतींत घरट्यासाठी न उरलेली जागा ही कारणे अधिक संभवतात. गुरुग्राम आणि नोएडातील नव्या वसाहतींकडे पाहिले, तर वळचण, कौल किंवा भिंतीतील भोक असे काही चिमणीसाठी कोठे उरले आहे, हे शोधूनही सापडत नाही.

यावरून चित्रपटाने विषयच चुकीचा निवडला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. यंत्रे पक्ष्यांची दिशा चुकवू शकतात, याचा भक्कम पुरावा चित्रपटाच्या आधीच उपलब्ध होता. जर्मनीतील ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारातील लाकडी खोल्यांत ठेवलेल्या रॉबिन पक्ष्यांना स्थलांतराची दिशा सापडेना. खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडताच पक्षी पुन्हा योग्य दिशेला तोंड करू लागले. २०१४मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने दाखवले, की विद्युत उपकरणांतून निघणारा क्षीण विद्युतचुंबकीय गोंगाट पक्ष्यांचे चुंबकीय होकायंत्र बिघडवतो. हा गोंगाट मोबाइलच्या लहरींपेक्षा कितीतरी कमी वारंवारितेचा होता, म्हणजे त्याने मनोरे दोषी ठरत नाहीत. पण पुरावा अपुरा असताना धोक्याचा इशारा देणाऱ्या शास्त्रज्ञाचे समाजाने काय करावे, हा विज्ञानकथेला शोभणारा अस्सल प्रश्न त्यातून उभा राहू शकला असता.

चित्रपटाने तो उभा केला नाही. पक्षीराजन मेल्यावर त्याचे आणि मृत पक्ष्यांचे ‘ऑरा’ एकत्र येऊन शक्ती बनते, असा खुलासा वसीगरन प्रयोगशाळेत करतो. ऑरा म्हणजे सजीवाभोवती असल्याचे मानले जाणारे तेजोवलय. त्याच्या पुराव्यादाखल नेहमी पुढे केली जाणारी, १९३९मध्ये सेम्योन किर्लियन यांनी शोधलेल्या तंत्राने घेतलेली छायाचित्रे ही उच्च दाबाच्या विजेमुळे वस्तूच्या कडेला उमटणाऱ्या विसर्गाची असतात, आणि तो विसर्ग नाण्याभोवतीही उमटतो. पडद्यावरच्या कथेत अशक्य गोष्ट यावी याला हरकत नाही, चिट्टीही अशक्यच होता. हरकत याला आहे, की भुताला शास्त्रीय शब्दांचा अंगरखा चढवल्यामुळे पक्षीराजनचे म्हणणे खरे की खोटे, हे तपासण्याची गरजच कथेत उरत नाही. तो शास्त्रज्ञ म्हणून हरतही नाही आणि जिंकतही नाही, आणि मनोऱ्यांचा प्रश्न ऋण आणि धन ऊर्जेच्या झटापटीत हरवतो.

याहून गंभीर दोष शेवटाकडे आहे. ज्या लाल चिपने पहिल्या भागात माणसांच्या प्रेतांचा खच पाडला, तीच चिप बसवून ‘२.०’ला पुन्हा जागवले जाते, आणि ते करणाऱ्यांच्या मनात क्षणभरही चलबिचल होत नाही. प्रेक्षकाने टाळ्या वाजवाव्यात अशीच मांडणी केलेली आहे. तेवढ्यानेही काम भागत नाही तेव्हा कबुतरांवर बसून चिमुकले यंत्रमानव येतात आणि पक्षीराजनने ताबा घेतलेले वसीगरनचे शरीर सोडले नाही तर ही कबुतरे मारू, अशी धमकी देतात. आयुष्यभर पक्ष्यांसाठी झुरलेला माणूस त्यांच्या जिवासाठी माघार घेतो, म्हणजे त्या झुंजीत नैतिकदृष्ट्या तोच वरचढ ठरतो. पण पक्ष्यांना ओलीस धरणाऱ्यांना चित्रपट नायक मानतो आणि पुढे निघून जातो. पहिल्या भागातील चिट्टीने अशा कृत्यासाठी न्यायालयात उभे राहून शिक्षा भोगली असती. दुसऱ्या भागात न्यायालयच नाही. पक्षीराजनचा मुद्दा बरोबर होता, मार्ग चुकला, असे शेवटी तोंडाने सांगून ही पोकळी भरून निघत नाही. ६६व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दृश्यपरिणामांचा मान ‘ऑ’ आणि ‘केजीएफ’ या चित्रपटांना मिळाला. ज्या बाजूवर सर्वाधिक खर्च झाला होता, तिचा पुरस्कारही ‘२.०’कडे आला नाही.

पक्षी आणि महानगर यांच्यातील संघर्षावर चित्रपट कसा असू शकतो, हे पुढे दिल्लीनेच दाखवले. शौनक सेन यांचा २०२२चा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट वजिराबादच्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांवर आहे. द्रव साबण काढून देणारी उपकरणे बनवण्याच्या व्यवसायाबरोबर ते तळघरात, पतंगाच्या मांज्याने कापलेल्या आणि धुरकट आकाशातून कोसळलेल्या घारींवर उपचार करतात. त्यात भूत नाही, खलनायक नाही, स्टेडियमही नाही. खोक्यांत बसलेल्या घारी, पंखाला पडणारे टाके आणि बाहेरचे दूषित आकाश एवढेच आहे. सनडान्स आणि कान या महोत्सवांत त्याला पुरस्कार मिळाले. कथापट आणि माहितीपट यांची तुलना काटेकोर होऊ शकत नाही हे मान्य करूनही, आकाशातून पक्षी का पडतो या प्रश्नापाशी धीराने थांबण्याची तयारी एकाने दाखवली आणि दुसऱ्याने दाखवली नाही, हे स्पष्ट दिसते. ज्या मराठी वाचकांनी फक्त ‘२.०’ पाहून या मालिकेविषयी मत बनवले असेल, त्यांनी ‘रोबोट’चा शेवटचा अर्धा तास पाहावा आणि नंतर ‘ऑल दॅट ब्रीद्स’ पाहावा. शंकर यांच्या हाती काय होते आणि काय निसटले, हे त्या दोन चित्रपटांतून अधिक नेमके कळेल.