कासवं वाढली की फेऱ्या वाढल्या?

मागच्या आठवड्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने विचारलं, "ताई, स्वयंसेवक म्हणून काम केलं तर त्याचा पीएचडीला उपयोग होतो का?" तिच्या शहरात दर रविवारी काही लोक मोठ्या बागेत जमतात. ते तण काढतात, झाडांना आळी करतात, पक्षी मोजतात. प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देताना मी अडखळले. उपयोग होतो, पण स्वयंसेवकांनी जमवलेल्या माहितीने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय. ती गोष्ट आज सांगते, म्हणजे तुमचं एक वर्ष वाचेल.

आमच्याकडे मालवणच्या पट्ट्यात बाग नाही, पुळण आहे. थंडी सुरू झाली की ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, दीडेक फूट खोल खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि परत जातात. आई पुन्हा ढुंकूनही बघत नाही. पुढचे ४५ ते ६० दिवस ती अंडी वाळूच्या, उन्हाच्या आणि गावातल्या कुत्र्यांच्या भरवशावर असतात. म्हणून देवगडचं तांबळडेग, वेंगुर्ल्याचं वायंगणी अशा गावांत माणसं पहाटे किनाऱ्यावर फेरी मारतात, कासवाचा माग दिसला की घरटं शोधतात आणि गरज असेल तर अंडी जाळी लावलेल्या हॅचरीत हलवतात. कोकणात या कामाला ठळक सुरुवात झाली ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला, २००२ मध्ये, चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेमुळे. आज वनविभागाबरोबर काम करणारे 'कासवमित्र' बऱ्याच गावांत आहेत.

आता माझी फजिती. एका गावातल्या कासवमित्रांच्या जुन्या वह्या मला मिळाल्या. दरवर्षी घरट्यांचा आकडा वाढत गेलेला. मी उत्साहाने आलेख काढला, रेघ झकास वर चढलेली, आणि तो गावात नेऊन दाखवला. एक काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "बाय, पयलां आमी एवढे खंय फिरत होतो? आता रोज फिरतंव म्हणान गावतत."

एका वाक्यात माझा आलेख आडवा झाला. संशोधनाच्या भाषेत याला 'एफर्ट' म्हणतात, म्हणजे शोधायला किती कष्ट घेतले. तो नोंदवला नसेल तर नुसत्या संख्येला फारसा अर्थ नाही.

एक उदाहरण घेऊ, आकडे माझ्या मनातले आहेत. समजा पहिल्या वर्षी ४० पहाटे फेऱ्या झाल्या आणि ८ घरटी मिळाली. तिसऱ्या वर्षी १०० फेऱ्या, १५ घरटी. घरटी जवळपास दुप्पट झाली, टाळ्या! पण फेरीमागे बघा: आधी ०.२०, आता ०.१५. म्हणजे कमी झाली की काय? थांबा, अजून एक गंमत आहे. पहिल्या वर्षीच्या ४० फेऱ्या ऐन हंगामातल्या होत्या. तिसऱ्या वर्षीच्या १०० पैकी ४० हंगामाच्या अगदी सुरुवातीच्या नि शेवटच्या होत्या, आणि त्यांत मिळून एकच घरटं सापडलं. ऐन हंगामातल्या उरलेल्या ६० फेऱ्यांत १४, म्हणजे ०.२३. त्याच वहीतून एकदा वाढ, एकदा घट आणि पुन्हा किंचित वाढ निघाली. तीही इतक्या छोट्या आकड्यांत निव्वळ योगायोग असू शकते. शिवाय एक मादी एकाच हंगामात एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालू शकते, त्यामुळे १५ घरटी म्हणजे १५ माद्या असंही नाही.

माझी खरी अडचण याहून खालच्या पातळीवरची होती. वहीत बऱ्याच तारखांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी कोणी गेलंच नाही, की जाऊन आले आणि काही मिळालं नाही? पहिल्यात माहिती नाही. दुसऱ्यात माहिती आहे, ती म्हणजे शून्य. दोन्हींची जागा वहीत सारखीच कोरी. मी महिनाभर लोकांना विचारत फिरले, पण तीन वर्षांपूर्वीच्या मंगळवारी पहाटे तुम्ही कुठे होता हे कोण सांगणार? शेवटी ते प्रकरण थिसिसमधून काढलं. गाइडना सांगताना रडू आलं होतं, हेही लिहून टाकते.

यात कासवमित्रांची चूक शून्य. त्यांनी वह्या माझ्या थिसिससाठी लिहिल्याच नव्हत्या, अंडी वाचवण्यासाठी लिहिल्या होत्या. दुसऱ्याने दुसऱ्या कामासाठी जमवलेली माहिती वापरताना हा फरक आधी कागदावर मांडा.

असाच सापळा अंडी हलवण्यातही आहे. कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवून चालत नाही. घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला वरच्या बाजूने चिकटायला लागतो, त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर गर्भ मरू शकतो. म्हणून हलवायचं तर लवकर, न फिरवता, हलक्या हाताने. माग उशिरा दिसला आणि घरटं भरतीरेषेच्या वर असेल, तर ते जागेवरच ठेवून वर जाळी लावणं बरं. पण भरतीचं पाणी येणार असेल तर? तिथे उभं राहून कुणालातरी ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्याला रात्री झोप लागत नाही.

आता हंगामाच्या शेवटी तुम्ही रिकामी कवचं मोजता. पिल्लं बाहेर पडलेली कवचं भागिले एकूण अंडी, हे झालं उबवणुकीचं यश. मग मोह होतो हॅचरीतल्या घरट्यांची सरासरी आणि जागेवरच्यांची सरासरी शेजारी ठेवून 'हॅचरी चांगली' किंवा 'वाईट' म्हणायचा. पण कुठलं घरटं हलवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नसतं. धोक्यातली हलवली, सुरक्षित वाटली ती ठेवली. दोन गट मुळातच वेगळे आहेत, त्यामुळे फरक हॅचरीचा की जागेचा हे त्या सरासरीवरून कळणार नाही. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात, मला दोनदा विचारलाय.

अजून एक गोष्ट तर डोळ्यांना दिसतच नाही. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूचं तापमान ठरवतं. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर जास्त. उबवणुकीच्या मधल्या एक तृतीयांश काळातलं तापमान यात महत्त्वाचं. पिल्लू हातात घेऊन नर-मादी ओळखता येत नाही. म्हणजे हॅचरीवर सावलीचं कापड बांधायचं की नाही हा वरवर घरगुती वाटणारा निर्णय शेकडो पिल्लांचं लिंग बदलू शकतो. घरट्याच्या खोलीइतकं खाली पुरलेलं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र आणि कापड कधी बांधलं ती तारीख, एवढं असलं तरी पुढे कुणीतरी त्यातून चांगला पेपर काढू शकेल.

बाकी परवानगीचं विसरू नका. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं हा गुन्हा आहे, मग तुमचा हेतू कितीही शुद्ध असो.

आणि कागदावरची परवानगी मिळाली म्हणजे गावाची मिळाली असं नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि मासेमारीवर बंधनं येतील या भीतीने इथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध होत आला. त्यामुळे वही घेऊन किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयाने बघतात. मी मालवणातलीच, तरी पहिल्या दिवशी मला विचारलं गेलं, "ह्यां लिवान नेऊन तू आमची जाळी तर बंद करूचंस नाय मा?" याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. माहिती माझ्या हातून गेल्यावर तिचं कोण काय करेल, हे मी कशी सांगणार? एवढंच ठरवलं, की जे लिहीन ते आधी गावात मराठीत वाचून दाखवीन. ते मी पाळते. काकांचं ते वाक्य अशाच एका बैठकीतलं.

छोट्या नोंदीची ताकद किती, याचं एक उदाहरण ताजंच आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची क्रमांक असलेली पट्टी लावली होती. तीच मादी २०२५ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना दिसली. पूर्व किनाऱ्यावरची आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, असं धरून चालणाऱ्यांना त्या एका क्रमांकाने विचार करायला लावलं. किनाऱ्यावर त्या वेळी कुणी नसतं, किंवा असून क्रमांक लिहून घेतला नसता, तर?

मी नंतर नवा तक्ता केला तो आधी २२ रकान्यांचा होता. अर्थात कुणी भरला नाही. पहाटे साडेपाचला, एका हातात बॅटरी, बोटांना वाळू, कोण भरेल? आता सहाच रकाने आहेत: तारीख, कोण, कुठून कुठपर्यंत, किती वाजता, माग किती, घरटी किती. शेवटच्या दोन रकान्यांत काही नसेल तर ० लिहायचं, एवढा एकच हट्ट मी धरते.

काका अजून शून्य लिहीत नाहीत. परवा वही उघडली तर त्यांच्या रकान्यात होतं, "फिरान इलंय. कायच नाय." मी ते संगणकात ० म्हणून भरलं.