पहाट सहाला सुरू होते

आमच्या मंडळाची दिवाळी पहाट विनामूल्य असते. पुण्याच्या एका उपनगरात, बागेतल्या हिरवळीवर. तिकीट नाही, प्रवेशिका नाही. येईल त्याने बसावं. तयारी मात्र गणपतीचं विसर्जन झालं की लगेच लागते: पोलिसांचा ध्वनिक्षेपक परवाना, उद्यान खात्याचं पत्र, पावतीपुस्तकं, स्मरणिकेच्या जाहिराती.

खरी ओढाताण असते ती वेळेची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतं, पण तीही रात्री १२ पर्यंतच. पहाटेला ती नाही. दिवाळीच्या सुमारास पुण्यात सूर्य उगवतो साडेसहाच्या आसपास. म्हणजे सूर्योदयाआधी गायचा ललत राग ऐकवायचा तर हाताशी जेमतेम अर्धा तास. म्हणून दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं हे सगळं आम्ही मध्यंतरानंतर ठेवलं. काही देणगीदार आधी रुसले. आता तेच सर्वांत आधी येऊन बसतात.

साउंड चेक आदल्या संध्याकाळीच होतो. पण पहाटे दव पडतं आणि सगळं पुन्हा बघावं लागतं. साउंडवाले मिक्सरवर प्लॅस्टिक अंथरतात. तबलजी तबला खोळीतून बराच आधी काढून ठेवतात, त्याला बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून. दमट हवेत पुडी सैल पडते, सूर उतरतो. मग हातोडी घेऊन गजऱ्यावर वरून एकेक ठोका, एकेका घरात चाटीवर बोट वाजवून ऐकणं, पुन्हा ठोका. पेटीचे सूर पक्के, ते हलत नाहीत. तानपुरा आणि तबल्यालाच तिच्याकडे यावं लागतं. सतरंज्या अंथरणारी आमची पोरंसुद्धा त्या वेळी आवाज न करता वावरतात. ज्येष्ठांच्या खुर्च्या आम्ही कडेला लावतो, म्हणजे मागे बसलेल्यांना गायक दिसतो.

विनामूल्य असतं ते श्रोत्यांना. कलाकारांना फुकट गायला लावणं मला मान्य नाही. "प्रसिद्धी मिळेल" असं सांगून नवोदितांना मंचावर बसवणारे आयोजक भरपूर आहेत. आमच्याकडे गायकाचं, तबलजीचं, पेटीवाल्याचं मानधन आदल्या दिवशीच पाकिटात घालून तयार असतं. तेवढे पैसे जमले नाहीत तर कलाकार कमी बोलवावेत, मानधन कमी करू नये.

तुमच्या भागात अशी पहाट होत असेल तर मंडळाची पावती जरूर फाडा. सहाच्या आधी या, आणि भैरवी होईपर्यंत उठू नका.