वाचनालयाची वर्गणी व पोथ्यांचें रक्षण

हस्तलिखितांचा शोध करणारे विद्वान् एखाद्या गांवीं गेले म्हणजे प्रथम देवळें, मठ व जुने वाडे पाहतात. गांवांत वाचनालय असल्यास तेथील पोथ्यांचें कपाट उघडवितात. परंतु त्या कपाटाशेजारीं ठेवलेल्या वर्गणीच्या वह्या सहसा कोणी उघडीत नाहीं. पोथी कोणीं लिहिली हें पुष्पिकेवरून कळतें. ती वाचनालयांत आल्यावर तिचा योगक्षेम कोणीं चालविला, हें मात्र त्या वह्यांवरूनच कळतें. म्हणून सार्वजनिक वाचनालयांचा निधि कसा जमतो, त्यासाठीं उत्सव, व्याख्यानें, नाट्यप्रयोग कां करावे लागतात, आणि ह्या सर्वांचा आमच्या संशोधनाशीं काय संबंध आहे, ह्याचें थोडें विवरण येथें करण्याचें योजिलें आहे.

ग्रंथरक्षणासाठीं द्रव्य देणें ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि ह्यानें तेराव्या शतकांत रचिलेल्या चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडांत विद्यादानाचा विचार केलेला आहे. जैन समाजांत शास्त्रदानाची चाल पूर्वापार असून कारंजा येथील भांडार तिचें वऱ्हाडांतील ठळक उदाहरण होय. तंजावरच्या सरस्वती महालास सरफोजी राजांच्या काळीं राजाश्रयानें भरभराट आली, व तें ग्रंथालय १९१८ सालीं लोकांस खुलें झालें. परंतु ह्या जुन्या व्यवस्थेंत दाता बहुधा एक असे, त्याचा हेतु पुण्यसंचयाचा असे, आणि हिशेब विचारणारा कोणी नसे. दात्याचें घराणें बसलें कीं भांडारास कुलूप लागे.

एकोणिसाव्या शतकांत ह्या व्यवस्थेच्या शेजारीं दुसरी उभी राहिली. रत्नागिरीचें वाचनालय १८२८ चें, नाशिकचें १८४० चें. पुण्याची नेटिव जनरल लायब्ररी लोकहितवादींच्या पुढाकारानें १८४८ सालीं निघाली. वऱ्हाडांत अकोल्याचें वाचनालय १८६० चें व अमरावतीचें १८६७ चें. आरंभीं ह्या संस्थांना युरोपियन अधिकाऱ्यांचा व संस्थानिकांचा हातभार असे. पण नित्याचा खर्च भागे तो वर्गणीवर. पुढें विनायक लक्ष्मण भावे व त्यांचे सहकारी ह्यांनीं १८९३ सालीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें, आणि १८९८ सालीं मुंबईस त्याच जातीची संस्था निघाली. येथें दाता एक नसून शेंकडों झाले. प्रत्येकाचा वांटा लहान, परंतु प्रत्येकास वार्षिक सभेंत जमाखर्च विचारण्याचा हक्क. हा फरक वरवर किरकोळ दिसतो. पण आमच्या मतें सार्वजनिक ह्या शब्दाचें मर्म त्यांतच आहे.

ह्याच काळांत लोकांना वर्गणी देण्याची संवय लागली ती केवळ वाचनालयांमुळें नव्हे. न्यायमूर्ति रानडे ह्यांच्या प्रेरणेनें पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालीं सुरू झाली, आणि सार्वजनिक गणेशोत्सवास १८९३ सालीं आरंभ झाला. वर्गणीची यादी घेऊन दारोदार जाणें, जमलेल्या रकमेचा फलक लावणें, उत्सवाच्या मांडवांत व्याख्यान ठेवणें, ह्या रीति व्याख्यानमाला, उत्सव व वाचनालय ह्या तिघांनींहि उचलल्या. बहुतेक ठिकाणीं कार्यकर्तेहि तेच असत.

लोकांच्या वर्गणीस सरकारची जोड कशी द्यावी, ह्याचा सर्वांत चांगला धडा बडोद्यानें घालून दिला. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास आणवून ग्रंथालयांचें खातें उभें केलें. त्या पद्धतींत गांवकऱ्यांनीं जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांतपंचायतीनें व तितकीच सरकारानें द्यावी, असा नियम होता. म्हणजे गांवानें १०० रुपये जमविले कीं वाचनालयाच्या हातीं ३०० येत. ह्या नियमाची खुबी अशी कीं, गांवानें कांहींच न केल्यास सरकारहि कांहीं देत नसे; सबब सरकारी पैसा गांवाचा उत्साह मारीत नसून वाढवीत असे.

पुढें कायद्यांचा काळ आला. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रास प्रांतानें १९४८ च्या कायद्यानें घरपट्टीवर ग्रंथालयाचा उपकर बसविला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यांत असा उपकर नाहीं. महाराष्ट्रानें लोकांनीं चालविलेल्या संस्था तशाच ठेवून त्यांस अ, ब, क, ड अशा वर्गांनीं मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग पत्करिला. अनुदान मिळतें तें मान्य खर्चाच्या ९० टक्के, अथवा त्या वर्गास ठरविलेल्या कमाल रकमेइतकें, ह्यांपैकीं जें कमी असेल तें. उरलेला भाग संस्थेनें स्वतः उभा करावयाचा. मान्य खर्च ५,००,००० रुपये धरला, तर ५०,००० रुपये तरी गांवांतून आलेच पाहिजेत. आणि कमाल मर्यादा आड आली तर ह्याहून पुष्कळ अधिक. शिवाय अनुदान हप्त्यांनीं येतें, पण सेवकाचें वेतन व दिव्याचें देयक दरमहा येतें. वाचनालयें उत्सव कां करितात, ह्या प्रश्नाचें उत्तर ह्या हिशेबांत आहे.

आतां आमच्या उमरेडकडे वळूं. नागपूरच्या आग्नेयेस सुमारें ४५ किलोमीटरांवर असलेलें हें तालुक्याचें गांव. येथें नगरपालिका १८६७ पासून आहे. रेशीमकांठी सुती वस्त्रांविषयीं येथील कोष्ट्यांची ख्याति होती. अलीकडच्या काळांत गांवाचें नांव कोळशाच्या खाणीमुळें अधिक ऐकूं येतें. पूर्वेकडे झाडीपट्टी लागते, आणि तिकडील नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. असल्या गांवीं वाचनालयाच्या निधीचे मार्ग ठरीव आहेत: सभासदांची वर्गणी, आश्रयदात्यांची देणगी, गणेशोत्सवांतील वा शारदोत्सवांतील व्याख्यानें, ग्रंथप्रदर्शन, आणि तिकीट लावून केलेला नाट्यप्रयोग.

ह्यांपैकीं नाटकाचा मोह फार, म्हणून त्याचा हिशेब नीट पाहावा. उदाहरणादाखल तिकिटांचे १,००,००० रुपये जमले असें कल्पूं. त्यांतून मंडळीची बिदागी ६०,००० आणि मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक ह्यांस २०,००० वजा केले कीं निधींत पडतात २०,०००. पाऊस आला तर तेहि नाहींत. उलट २०० सभासदांनीं वर्षास १०० रुपये अधिक दिले, तर तेवढीच रक्कम एक कनात न उभारतां मिळते. तथापि नाटक निरर्थक नव्हे. ज्या मनुष्यानें वाचनालयाचा उंबरठा कधीं ओलांडला नाहीं तो त्या रात्रीं तिकिटावर वाचनालयाचें नांव वाचतो, आणि त्याच्या घरच्या माळ्यावर पोथी असेल तर ती कोठें द्यावी हें त्यास प्रथमच सुचतें. आमच्या वाचकांस उत्सवाचा खरा लाभ हा.

पोथी माळ्यावर असेल, हें आम्ही कल्पनेनें म्हणत नाहीं. कीलहॉर्न ह्यांनीं मध्यप्रांतांतील संस्कृत हस्तलिखितांची सूचि १८७४ सालीं नागपुरास छापविली. रायबहादुर हिरालाल ह्यांची मध्यप्रांत व वऱ्हाड येथील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची विस्तृत सूचि १९२६ सालीं निघाली. ह्या दोन ग्रंथांवरून ह्या प्रदेशांतील घरोघरची ग्रंथसंपत्ति केवढी होती हें दिसतें. तेव्हांपासून कितीएक वाडे पडले, घराणीं शहरांत गेलीं, वांटण्या झाल्या. अशा वेळीं पोथीस जवळचा आसरा म्हणजे गांवचें वाचनालय.

परंतु आसरा मिळाला म्हणजे रक्षण झालें असें नाहीं. अनुदान व वर्गणी ह्यांचा बहुतेक भाग वेतन, नवीं पुस्तकें व नियतकालिकें ह्यांत जातो, आणि पोथी मागणारा वाचक वर्षांत एखादाच, म्हणून तिच्यासाठीं कांहीं राखून ठेवण्याची निकड कोणास वाटत नाहीं. एका ठिकाणीं, त्याचें नांव आम्ही देत नाहीं, उत्सवाचें सामान ठेवण्यास जागा हवी म्हणून जुन्या वर्गणीच्या वह्या रद्दींत घातलेल्या आम्हीं पाहिल्या. त्यांत मोडींत सह्या केलेलीं पानें होतीं. रद्दीवाल्याकडे आम्ही पोंचलों तेव्हां त्यांच्या पुड्या झालेल्या होत्या. जेथें पोथ्या कोणीं कोणत्या अटीवर दिल्या त्याची नोंद अशा वहींतच असते, तेथें वही गेली कीं पोथीचें कुलगोत्रच गेलें.

म्हणून कार्यकर्त्यांपुढें व संग्राहकांपुढें चार गोष्टी ठेवितों. पहिली, प्रत्येक वाचनालयानें पोथीनिधि म्हणून वेगळें खातें काढावें, मूळ रक्कम मोडूं नये, आणि दर उत्सवाच्या शिलकेंतील ठराविक अंश त्यांत टाकावा. वेष्टणें, लांकडी फळ्या, वाळवीचा बंदोबस्त ह्यांस लागणारी रक्कम मोठी नसते, पण ती दरवर्षीं लागते. दुसरी, पोथी घेतांना दानपत्र करावें. दात्याचें नांव, पत्रसंख्या, पुष्पिका व अट ह्यांची नोंद करून एक प्रत दात्यास द्यावी. तिसरी, उत्सवांतच पोथ्यांचें दर्शन घडवावें. मोडीचा वर्ग किंवा पुष्पिकावाचन ह्यांस मांडवाचा खर्च लागत नाहीं, आणि आजोबांचें अक्षर नातवाकडून वाचविलें तर देणगी न मागतां येते.

चौथी गोष्ट कायद्याची. कंपनी अधिनियम, २०१३ च्या १३५व्या कलमान्वयें मोठ्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यास लावावयाचे असतात, आणि अनुसूचि ७ मध्यें सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापना व राष्ट्रीय वारशाचें रक्षण हीं दोन्ही कार्यें नमूद आहेत. खाणीच्या गांवीं तरी हा मार्ग चोखाळून पाहण्यासारखा आहे. उलटपक्षीं निधीसाठीं जुनी पोथी विकण्याचा विचार मनांतहि आणूं नये. पुरावस्तु व कलाकृति अधिनियम, १९७२ अन्वयें ७५ वर्षें वा त्याहून जुनें, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित पुरावस्तूंत मोडतें. त्याच्या विक्रीच्या धंद्यास परवाना लागतो, व खासगी इसमानें तें परदेशीं धाडणें हा गुन्हा आहे.

जुने लेखक पुष्पिकेंत विनवीत कीं, तेलापासून, पाण्यापासून व सैल बंधनापासून ह्या ग्रंथास जपा. आजच्या पोथीस आणखी एक भय आहे तें रिकाम्या खात्याचें. तें निवारणें गांवाच्या हातीं आहे. संशोधकांनीं आपल्या गांवच्या वाचनालयाचे सभासद व्हावें, वार्षिक सभेस जावें, पोथीनिधीचें खातें विचारावें, आणि जुन्या वर्गणीच्या वह्या, हस्तपत्रकें व अहवाल मिळतील तेथून मिळवून त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी. पोथीच्या यादीइतकीच तीहि छापण्यायोग्य आहे, असें आमचें मत आहे.